तिसऱ्या पुस्तकातली चांदणी

बाण वर का जातो हे तुम्हाला माहीत नाही, असं मला तोंडावर सांगणारा माणूस चाळिशीपर्यंत भेटला नव्हता. भेटला तो आमच्याच शेडात, आमच्याच बाकावर बसून, आमचाच चहा पीत.

आमचं घर मंगळवार पेठेत आणि धंदा दारूकामाचा. म्हणजे शोभेच्या दारूचा. वरातीला, उरसाला, जत्रेला उडवायचे नळे, चक्रं, धडाडणारे औट आणि बाण. आजोबा करायचे, अब्बा करायचे, मग मी. शेड मात्र गावाबाहेर, कारण आमच्या धंद्यात चूक झाली तर ती सगळ्या पेठेला एकदमच कळते. माझी शाळा चौथीपर्यंत. चौथीला नुसता बसलो असं नव्हे, चौथी पास झालो. हे आत्ताच लिहून ठेवतो, पुढं लागणार आहे. घरात आमची बोली जरा निराळी, पण पोरांच्या शाळेपायी सगळं मराठीच चालायचं, आणि मी लिहितोयही मराठीत, तेव्हा बोलणी मराठीतच देतो.

चंद्रावर माणूस उतरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. उतरला त्या दिवशी चहाच्या हॉटेलात रेडिओभोवती ही गर्दी. मी म्हणालो, "एवढं काय त्यात? बाणच हाय की. जरा थोरला." तेव्हापासून पेठेत मला बघितलं की कुणीतरी विचारायचंच, "काय, कवा निघालायसा?" मी म्हणायचो, "काठी वाळली की."

त्या उन्हाळ्यात घरात एक वेगळीच दारू भरून ठेवली होती. थोरली पोरगी मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसली होती, आणि आजऱ्याहून तिला स्थळ आलं होतं. माणसं चांगली. मुलाच्या बापाचा काजूचा धंदा. बघायला आले तेव्हा काजूची पिशवी घेऊन आले, आणि पिशवी एवढी मोठी होती की नकार द्यायचा कसा हा प्रश्नच पडावा. मला द्यायचाही नव्हता. पोरगीला मात्र कॉलेजात जायचं होतं, तेही सायन्सला. मी म्हणत होतो आजरा. ती काहीच म्हणत नव्हती. वेळेवर जेवत होती, पण ताटाकडं बघून.

अशात एक दिवस शेडात कॉलेजचे प्रोफेसर आले. पदार्थविज्ञान शिकवायचे. भावाच्या वरातीला बाण पाहिजे होते.

"चाचा, जरा उंच जाणारे द्या," ते म्हणाले.

"उंच? सर, चंद्रावर गेलं ते काय हुतं? आमचाच बाण."

प्रोफेसर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "बरोबर आहे तुमचं, तत्त्व एकच. पण एक सांगा, बाण वर का जातो?"

"का म्हंजे? बुडातनं जाळ निघतो. जाळ हवंला रेटतो, हवा बाणाला रेटती. नावाडी काठी टेकवून नाव ढकलतो की न्हाय? तसं."

"आणि चंद्राच्या वाटेवर हवाच नाही. मग तिथं जाळ कशाला रेटतो?"

मी हातातली कागदाची नळी खाली ठेवली. "हवा न्हाय म्हणून कुणी सांगितलं?"

"पुस्तकांनी."

"पुस्तकं गेलती व्हय बघायला?"

प्रोफेसर चिडले नाहीत, हीच त्या माणसाची वाईट खोड. त्यांनी आमच्याच बाण गुंडाळायच्या रद्दीतला एक तुकडा घेतला आणि त्यावर तीन पुस्तकं लिहून दिली. पहिलं मराठी, शाळेतलं. दुसरं इंग्रजी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं. तिसरंही इंग्रजी, उशीएवढं जाड, नुसतं बाणावर. "दुसरं आणि तिसरं वाचनालयातनं माझ्या कार्डावर नेऊन वाचा," म्हणाले, "पण पहिली दोन झाल्याशिवाय तिसऱ्याला हात लावू नका." तालमीत नवीन पोराला वस्ताद सांगतो तसं सांगितलं. मला, ज्याच्या तीन पिढ्या बाण ठासत आल्या.

संध्याकाळी जेवताना मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "असली माणसं पोरांना शिकवत्यात."

पोरगीनं किती तरी दिवसांनी ताटावरनं मान वर केली. "अब्बा, ते बरोबर हाईत."

"काय?"

"हवा लागत न्हाय. आमच्या पुस्तकातबी तेच हाय."

तिच्या आईनं भाकरी थापायची थांबवली. घरात मला कुणी असं म्हणत नसे. मी म्हणालो, "बरं. तीन पुस्तकं हाईत. आणू या तिन्ही. त्यात एक गोष्ट खोटी निघाली, एकच, तर तू मुकाट आजऱ्याला जायचंस."

"आणि न्हाय निघाली तर?"

"तर कालेज."

"आणि मी काय करू?" तिच्या आईनं विचारलं.

"तू पंच."

"मला तुमचं खोटं वळखाय येतं," ती म्हणाली. "पुस्तकाचं कसं वळखू?"

"तसंच," पोरगी म्हणाली, आणि तिनं हात पुढं केला. आमची लागली पैज. मी अगदी निर्धास्त होतो. एवढ्या जाड तीन पुस्तकांत एक खोटं निघणार नाही? बाजारात एवढा माल भेसळीशिवाय कुणी विकलेला मी तरी बघितला नव्हता.

पहिलं पुस्तक मी स्वतः वाचलं, चौथी पास असल्यामुळं. बोट ठेवून वाचलं, कारण मला एक ओळही सुटू द्यायची नव्हती. लोक पुस्तक वाचतात ते काहीतरी मिळवायला. मी वाचत होतो ते पकडायला, जकातीवरचा शिपाई पोतं टोचून बघतो तसं. दोन दिवसांतच एक माणूस सापडला. तो गुळगुळीत बर्फावर उभा होता. त्यानं हातातला जड चेंडू पुढं फेकला की तो स्वतः मागं सरकत होता.

"कोण ह्यो?" मी विचारलं.

"कुणीबी असू दे," पोरगी म्हणाली.

"कुठला?"

"अब्बा, उदाहरण हाय ते."

"पण बर्फावर चढला कशाला? आपल्याकडं बर्फ रसाच्या गाड्यावर. त्यावर कोण उभा ऱ्हायला तर गाडेवाला फडक्यानं हाणंल."

"मग सरकंल की न्हाय तो?"

"सरकंल. हाणल्यामुळं सरकंल."

पुढच्या पानावर मात्र मी उडीच मारली. तिथं स्पष्ट छापलं होतं, 'समजा, घर्षण नाही.' मी पोरगीच्या आईला हाक मारली. "घावलं! घर्षण हाय. हातगाडा ढकलणाऱ्याला विचार हाय का न्हाय. आणि हे पुस्तक म्हणतंय, न्हाय असं समजा. सवता तर खोटं बोलतंयच, वर वाचणाऱ्यालाबी बोलाय लावतंय. चला, आजऱ्याला सांगावा धाडा."

पोरगीचा चेहरा उतरला. तिची आई पदराला हात पुसत आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ते वाक्य दोनदा वाचून घेतलं, एकदा माझ्याकडनं, एकदा पोरगीकडनं, दोघांत फरक पडतो का बघायला. मग म्हणाली, "ह्यात 'समजा' म्हटलंय."

"म्हटलंय की!"

"फसवायचं असतं तर 'समजा' कशाला म्हटलं असतं? तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणता व्हय, समजा बाण उडाला, आता काढा पैसं?"

हा निकाल मला आजही मान्य नाही. पण पंच मीच नेमला होता.

दुसरं पुस्तक इंग्रजी. पोरगी वाचायची, शब्दकोशात बघायची, आणि मला मराठीत सांगायची. संध्याकाळी शेडावरनं आलो, हातपाय धुतले की ती बसलेलीच असायची. मी तिला अडवायचो, ती मागं जायची, पुन्हा सांगायची. एकच ओळ तीन-तीन रीतींनी. कुठल्याच रीतीनं मला खोटं सापडेना, त्यामुळं माझी तब्येत बिघडत चालली. मग त्यात एक नाव आली. नावेत माणूस बसलाय आणि मागच्या अंगाला दगड फेकतोय. प्रत्येक दगडाला नाव पुढं सरकते. बाणाचंही असंच म्हणे. जाळ म्हणजे बारीक बारीक दगड, बाण ते मागं फेकतो आणि आपण पुढं जातो. रेटायला हवा लागत नाही.

बर्फावर उभं राहणं माझ्या हातात नव्हतं. हे होतं.

नदीकाठच्या एका गावात माझा गुऱ्हाळवाला दोस्त होता. त्याच्याकडं मी गेलो आणि काहील मागितली, म्हणजे उसाचा रस आटवायची थोरली गोल कढई. उसाचा हंगाम सरला की गुळाच्या काहिली गुऱ्हाळामागं पालथ्या पडतात. पुन्हा उठतात त्या महापुरात, माणसं अलीकडनं पलीकडं न्यायला. आमच्या भागात पुराला नावा कमी आणि काहिली जास्त. त्यामुळं नाव म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीलच आली, यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

"काय मर्दा," दोस्त म्हणाला, "उन्हाळ्यात काहील? नदीत पाणी ढोपराला लागंना."

"बंधाऱ्याच्या वरल्या अंगाला तुंबलंय की."

"कुणाला पल्याड सोडायचाय?"

"कुणाला न्हाय. मधी बसून दगड मारायचंत."

त्यानं जरा विचार केला. "कुणाला?"

"कुणालाच न्हाय. मागं."

त्यानं आणखी जरा विचार केला आणि काहील दिली. दोस्त म्हणजे असा पाहिजे.

ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे नदीवर. पंच म्हणून पोरगीची आई, पुस्तकाच्या बाजूनं पोरगी, काठावर दोस्त आणि धुणं सोडून बघत उभ्या राहिलेल्या गावच्या बायका. नेमके त्याच दिवशी आजऱ्याचे पाव्हणे आमच्या घरी आले. दाराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, सगळे नदीवर गेलेत, ते चंद्रावर जायची तयारी करत्यात. पाव्हणे काजूची दुसरी पिशवी घेऊन एस.टी.नं थेट काठावर हजर. मला हे काहिलीत बसल्यावर कळलं. मी पाण्यातनंच सलाम केला.

दगड भरून घेतले होते. पहिला दगड उचलला आणि मागच्या अंगाला जोरानं भिरकावला. काहील पुढं गेली नाही. गरकन फिरली. दुसरा मारला, आणखी फिरली. नाव लांबट असते, काहील गोल, आणि मी एका बाजूला टेकून बसलेलो. माझं तोंड एकदा गावाकडं, एकदा बंधाऱ्याकडं, एकदा आजऱ्याच्या पाव्हण्यांकडं. पण मला आनंदच झाला. मी फिरत फिरत ओरडलो, "खोटं! पुस्तक खोटं! पुढं जात न्हाय! आजरा! आजरा!"

पाव्हण्यांना वाटलं मी त्यांनाच हाक मारतोय. त्यांनी हात वर केला. मग हळूच पोरगीच्या आईजवळ सरकून विचारलं, "भाभी, हे वरचेवर होतं का?"

"न्हाय वो," ती म्हणाली. "पुस्तकं घरात आल्यापास्नंच."

तेवढ्यात पोरगी पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरली आणि तिनं मला हाक दिली. "अब्बा! बाणाला काठी कशाला बांधता?"

हा काय विचारायचा प्रश्न? "सरळ जायला!" मी ओरडलो.

"आणि काठी न्हाय बांधली तर?"

"गरागरा फिर..." मी तिथंच थांबलो. काहील नाही थांबली, ती आणखी एक वेढा घेऊन मग थांबली.

आमच्या धंद्यात काठीवाचून बाण कुणी लावत नाही. लावला तर तो वर जायचा सोडून नवऱ्यामुलाच्या फेट्यात जातो. ही गोष्ट पोरगीनं माझ्याच शेडात बघितली होती आणि माझ्याच अंगावर फेकली. दोस्तानं पोहत येऊन एक लांब कळकाचा बांबू दिला. तो काहिलीच्या कडीला असा बांधला की शेपटासारखा मागं पाण्यात पडेल. मग मी मधोमध फतकल मारून बसलो आणि दगड मारला.

काहील सरळ सरकली.

आता मला जे बघायचं होतं ते मी बघितलं. दगड कुठं रेटतो? पाण्यावर पडून पाण्याला रेटतो का? मी पुन्हा मारला, आणि दगडाकडं न बघता बुडाखाली लक्ष ठेवलं. दगड हातातनं सुटतानाच काहील हलली होती. दगड अजून वर हवेतच. तो पाण्यात पडेपर्यंत माझं हलून झालेलं होतं. म्हणजे पडल्यावर त्यानं कशाला रेटलं न रेटलं, त्याच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मी त्याला टाकला आणि त्यानं मला टाकलं, एवढाच व्यवहार. मोठा दगड मारला की जास्त हलायचं, बारका मारला की कमी. डोक्यानं मी कबूल केलं नसतं. पण मी ज्यावर बसलो होतो त्यानं कबूल केलं, आणि त्याच्याशी भांडता येईना.

मारत मारत पार मधोमध गेलो आणि दगड संपले. वल्हं घेतलेलं नव्हतं, कारण पुस्तकातल्या माणसाकडं नव्हतं. काठावर हसणं सुरू झालं. मी गंभीर चेहरा करून बसून राहिलो. चंद्रावर गेलेल्या लोकांनी परतीचे दगड राखून ठेवले असणार, हे मला तिथं नदीत बसून सुचलं. पुस्तकात ते पुढच्या प्रकरणात होतं. ती गोष्ट मी पुस्तकाच्या आधी ओळखली, एवढं मात्र सगळ्यांना सांगायला हरकत नाही. दोस्त पुन्हा पोहत आला आणि काहील ओढून घेऊन गेला.

काठावर पाव्हण्यांनी काजूची पिशवी माझ्या ओल्या हातात दिली आणि विचारलं, "मग, आमचं काय ठरलं?"

"दोन पुस्तकं झाली," मी म्हणालो. "तिसरं ऱ्हायलंय."

तिसरं पुस्तक पोरगीनं दोन्ही हातांनी उचलून आणलं. त्यात शब्द थोडे आणि आकृत्या फार, त्यामुळं सुरुवातीला ते मला सगळ्यात सोपं वाटलं. एका पानावर रॉकेट मधोमध उभं चिरून दाखवलं होतं. बाहेर नळी, आत ठासलेली दारू आणि दारूच्या मधोमध खालपासून वरपर्यंत पोकळी. मी ओरडलोच. "ही आमच्या अब्बांची सळी!"

ते समजावून सांगतो. बाणात दारू ठासताना मधी एक सळी उभी ठेवतात. ठासून झालं की सळी ओढून काढायची. मधी पोकळी राहते आणि आग त्या पोकळीतनं सगळीकडं एकदम धरते. पोकळी नसेल तर बाण नुसता फुसफुसतो. माझे अब्बा म्हणायचे, आगीला श्वास घ्यायला जागा ठेव. आणि इथं परदेशी पुस्तकात तीच जागा ठेवलेली. मी पोरगीच्या आईला, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला ती आकृती दाखवली. दूधवाला म्हणाला, "ह्यांनी तुमचं चोरलं की वो." मी म्हणालो, "असू दे. शिकत्यात बिचारी."

आणि पान उलटलं तर पुढच्या आकृतीत पोकळी गोल नव्हती. चांदणीसारखी होती. आत शिरलेली टोकं, बाहेर आलेली टोकं, अगदी आकाशातली चांदणी.

मी पुष्कळ वेळ त्या चांदणीकडं बघत बसलो. तीन पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सळी गोलच असते. गोल का, असं कुणी विचारलंच नव्हतं.

"चांदणी कशाला?" मी पोरगीला विचारलं.

तिनं पान उलटलं. त्या पानावर आकृती नव्हती, शब्दही नव्हते. खाटकाच्या दुकानात मांस टांगायचे आकडे असतात, तसली उभी चिन्हं पानभर टांगलेली होती, आणि प्रत्येकाला काही ना काही अडकवलेलं.

"वाच की."

"मला येत न्हाय अब्बा."

सगळ्या पुस्तकांत पहिल्यांदाच ती असं म्हणाली. "हे गणित शाळेत न्हाय. कालेजात शिकवतात. थोडं पहिल्या वर्षी, मग पुढं पुढं. चांदणी का, ते ह्यातच लिहिलंय, एवढं कळतंय. पण काय लिहिलंय ते कळत न्हाय." आणि मग म्हणाली, "प्रोफेसरांना विचारू?"

"त्यांना कसं विचारायचं? ते पुस्तकाच्या बाजूचं. त्यांची साक्ष चालत न्हाय."

मी माझ्या वाटेनं जाऊन बघितलं. हुपरीत पैंजणाचे साचे कापणारा एक ओळखीचा कारागीर होता. त्याच्याकडनं चांदणीच्या आकाराची लोखंडी सळी करून घेतली. त्यानं विचारलं, "कुठल्या देवीचा दागिना?" मी म्हणालो, "हाय एकीचा." ती सळी उभी करून दारू ठासली, अल्लाचं नाव घेऊन ओढली. सळी निघाली, पण आतली चांदणीची टोकं मोडून बुडाशी पडली. तरी बाण लावला. तो कौलांपर्यंत गेला, तिथं त्यानं मन बदललं, आणि पलीकडच्या रानात एका म्हशीनं जन्मात मारली नव्हती एवढी लांब उडी मारली. चांदणी का, ते काही कळलं नाही.

मॅट्रिकचा निकाल लागला. पोरगी पास. आजऱ्याचे पाव्हणे पेढे खायला आणि जबाब घ्यायला आले. सतरंजी टाकली, चहा झाला. पोरगी आतल्या दाराशी उभी होती, ताटाकडं बघायची तसं जमिनीकडं बघत. तिची आई चुलीपाशी, पण चुलीकडं पाठ करून.

"मग," पाव्हणे म्हणाले, "पुस्तक झालं?"

"न्हाय झालं. पैज सुटलेली न्हाय."

"अजून किती दिवस लागतील?"

मी पोरगीकडं बघितलं. "किती ग?"

ती हळूच म्हणाली, "चार वर्षं."

पाव्हणे माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना नीट समजावून सांगितलं. तिसऱ्या पुस्तकात आकडे आहेत. ते वाचता आल्याशिवाय त्यातलं खोटं सापडणार नाही. खोटं सापडल्याशिवाय मी पैज जिंकत नाही. मी जिंकल्याशिवाय पोरगी आजऱ्याला येत नाही. आणि आकडे शिकवतात फक्त कॉलेजात. "म्हणून तिला कालेजात घालतोय," मी म्हणालो. "तुमच्याच कामासाठी."

भले माणूस होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणाले, "चार वर्षांत आमचा मुलगा म्हातारा व्हायचा हो." काजूची पिशवी मात्र परत नेली नाही. आत कसलं तरी भांडं पडलं. पडलं की कुणी आनंदानं आपटलं ते मी विचारलं नाही.

आपण हरलो म्हणून पोरगीला कॉलेजात घातली, असं पेठेत काही लोक अजून म्हणतात. ज्यांना पैज म्हणजे काय कळत नाही त्यांनी तसं म्हणावं. मी हरलो असतो तर सांगितलं असतं. मला चांदणीचं उत्तर पाहिजे होतं आणि ते वाचणारं माणूस घरात तयार करणं भाग होतं. दरसाल परीक्षा झाली की मी तिला तिसरं पुस्तक काढायला लावायचो आणि विचारायचो, "आकडे आलं का?" ती म्हणायची, "थोडे." मग जेवढे आले तेवढे आम्ही वाचायचो.

शेवटच्या वर्षाला एक दिवस ती घरी आली ती थेट चुलीपाशी. ताटातली एक भाकरी घेतली आणि सुरीनं तिच्या मधोमध चांदणी कापली. तिची आई ओरडली, "अन्नाशी खेळ मांडलाय काय?" पोरगी म्हणाली, "अम्मी, एकच भाकरी." मग मला म्हणाली, "अब्बा, ह्या चांदणीच्या कडेला सुतळी लावून मापा." मी मापली. मग तिनं आतल्या कडेनं सगळीकडनं सारखं थोडं थोडं कापत नेलं, आग खात जाते तसं. चांदणीची टोकं झिजत गेली, पोकळी वाढत गेली. "आता मापा." मी सुतळी लावली. कड जवळजवळ तेवढीच. पुन्हा कापलं, पुन्हा मापली. तेवढीच. मग दुसऱ्या भाकरीला गोल भोक पाडलं आणि तसंच केलं. तिथं कड दरवेळी वाढायची आणि सुतळी कमी पडायची.

म्हणजे असं. जेवढी कड, तेवढी आग. गोल पोकळीत आग वाढत जाते, म्हणून आमचा बाण आधी मंद आणि मग एकदम जोर करतो. चांदणीत पहिल्यापासून जेवढी आग तेवढीच पुढं राहते, त्यामुळं रेटा सारखा. पानभर आकड्यांना एवढंच अडकवलेलं होतं. मी दोन्ही भाकऱ्यांचे तुकडे आमटीत बुडवून खाल्ले. तिच्या आईनं विचारलं, "काय वो, खोटं घावलं?" मी म्हणालो, "पुस्तक अजून संपलं न्हाय."

संपलं नव्हतंच. पोरगी पुढं शिकली, कॉलेजात शिकवायला लागली, स्वतःच्या पसंतीनं लग्न करून चार गल्ल्यांपलीकडं राहायला गेली. जावई बँकेत, बाणातलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकून घेतो. ती यायची तेव्हा आम्ही तिसऱ्या पुस्तकातलं एखादं पान काढायचो. मी खोटं शोधायचो, ती खरं करून दाखवायची. प्रोफेसर निवृत्त झाले, आणि पुस्तक इतकी वर्षं आमच्याकडंच आहे हे वाचनालय बहुतेक विसरून गेलं.

मग एक दिवस पोरगी आली ती एक कोरं करकरीत पुस्तक घेऊन. तेवढंच जाड.

"अब्बा, आपल्या पुस्तकाची नवी आवृत्ती आलीय. सुधारलेली."

मी ताठ बसलो. "काय केलेली?"

"सुधारलेली. दुरुस्त केलेली."

"म्हंजे जुन्यात चुकलं हुतं."

ती नव्या पुस्तकाची पानं चाळायला लागली.

"चुकलं हुतं का न्हवतं?"

"थोडं," ती म्हणाली. "एका आकृतीत."

"थोडं-बिडं न्हाय. एकच ठरलं हुतं. एकच!" मी पोरगीच्या आईला हाक मारली. ती आता म्हातारी झाली होती, पण पंचाला वय नसतं. तिला सगळं सांगितलं. ती पुस्तकाजवळ आली, जुनं आणि नवं दोन्ही हातात घेऊन वजन करून बघितलं, आणि म्हणाली, "जिंकलं बाई तुझं अब्बाच."

आमच्या घरात त्या दिवशी गोडाचा शिरा झाला. पोरगी हसत होती. म्हणाली, "मग आता जाऊ आजऱ्याला?"

आजऱ्याच्या त्या मुलाची पोरं तेव्हा कॉलेजात जायला लागली होती, आणि त्याचे वडील दर उरसाला माझ्याकडनंच बाण नेत होते. पण पैज ती पैज.

"जाशील की," मी म्हणालो. "आधी ह्यातलं पहिलं पान वाचून दाखव. काय दुरुस्त केलंय बघू, आणि ह्यात काय खोटं घातलंय तेबी."